शब्दचर्चा : त्याग, समर्पण, अर्पण, बलिदान, शरण – ख्रिस्ती मंडळीत नेमका कुठला शब्द कुठे?

रंकाळा
नमस्कार. मुक्काम कोल्हापूर. येत्या रविवारी आमच्या तरुण संघात मला बायबलमधल्या रोमकरांस पत्र १२:१ वर बोलायचंय. आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला समर्पण करा, असं प्रेषित पौल सांगतो ते वचन. टिपणं काढली तर एकाच पानावर वरचे पाचही शब्द एकाच अर्थी पडलेत. प्रार्थनेत हे सगळे एका दमात ऐकायची सवय आहे, म्हणून कानाला खटकत नाही. पण पोरं कॉलेजातली आहेत, अडवणारच. फरक काय सांगू? आणि ‘संपूर्ण मनाने’च्या जागी ‘अंतःकरणपूर्वक’ चालेल ना?

गवती चहा
‘अंतःकरणपूर्वक’ आभारपत्रात गेलं, तिथनं परत येत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (६:५) पूर्ण मन, पूर्ण जीव, पूर्ण शक्ती अशी सरळ शब्दांची रांग आहे, तीच घ्या.

जुनी वही
रंकाळा, एक सोपी परीक्षा करून बघा. ‘त्याने तंबाखूचा त्याग केला’ हे वाक्य पुरं आहे. ‘त्याने तंबाखूचं समर्पण केलं’ म्हटलं की ऐकणारा विचारणार, कुणाला? समर्पणाला ‘कुणाला’ लागतंच. त्यागाला नाही लागत. त्यागात नजर सुटलेल्या वस्तूवर असते, म्हणून त्यागाचा हिशेब ठेवता येतो आणि पुढे मिरवताही येतो. आपल्याकडे ‘त्यागमूर्ती’ असतात. ‘समर्पणमूर्ती’ कुणी ऐकलीय?

‘बलिदान’ हुतात्म्यांचं झालंय. शिवाय त्यात देणारा उरत नाही, आणि पौलाचा सगळा भर ‘जिवंत’वर आहे. ‘अर्पण’ म्हटलं की उपासनेत लोकांचा हात खिशाकडे जातो, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता ‘यज्ञ’. बायबलमधल्या ‘लेवीय’ पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं होमार्पण पोरांना जरूर सांगा. शांत्यर्पणात अर्पण करणाऱ्याच्या घरी खायला वाटा यायचा. होमार्पणात मांस सगळं वेदीवर जळायचं, कातडं तेवढं याजकाचं (लेवीय ७:८). आणणाऱ्याच्या हाती काही परत येत नसे. ज्याला गुरं परवडत नाहीत त्याने पारवा किंवा कबूतर आणावं, तेही वेदीवरच. हिब्रूत त्याचं नाव ‘ओला’, म्हणजे वर जाणारं. ‘संपूर्ण’ हा अर्थ मात्र सगळं जळण्यातून येतो.

पौलाचं मूळ ग्रीक क्रियापद मात्र जाळण्याचं नाही. ते आणून उभं करण्याचं, हजर करण्याचं आहे. बाळ येशूला आईबापांनी मंदिरात प्रभूपुढे सादर केलं, तिथे शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने (२:२२) हेच क्रियापद वापरलंय. आणखी एक गंमत म्हणजे मूळात ‘शरीरे’ अनेकवचनी आणि ‘यज्ञ’ एकवचनी आहे. मंडळीत माणसं पुष्कळ, यज्ञ एकच.

उत्तरेश्वर पेठ
मी ख्रिस्ती नाही, पण कोल्हापूरचा हाय म्हणून सांगतो. बोलताना ‘देवाला सोडलं’, ‘देवाला वाहिलं’ असलं काही घालू नका. आमच्या आणि सीमेपलीकडच्या भागात त्याचा अर्थ पोरगी देवदासी म्हणून यल्लम्माला सोडणं असा लागतोय. शाहू महाराजांनी १९२०ला जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला, पण शब्द अजून गावात जिता हाय. देव कुठला का असंना, आयाबायांच्या पोटात गोळा येतोय.

जुनी वही
उत्तरेश्वरभाऊ, हे आमच्यातल्या कुणी सांगितलं नसतं. आणि फरक खरंच मुळावरचा आहे. त्या प्रथेत सोडणारे एक आणि सोडली जाणारी दुसरीच. तिला कुणी विचारत नाही. पौलाच्या वचनात देणारा आणि दिलेलं एकच आहे, आणि तोही हुकूम करत नाही, ‘विनवतो’ म्हणतो. ज्या समर्पणात दुसऱ्याचंच शरीर पुढं केलं जातं, त्याला या वचनाचा आधार नाही. बायकोची नोकरी, मुलाचं शिक्षण परस्पर ‘प्रभूला देणारे’ घरोघरी आहेत, म्हणून स्पष्ट लिहिलं.

‘वाहून घेणं’ मात्र चालेल. त्यातलं ‘घेणं’ कर्त्याकडे वळतं. ‘रुग्णसेवेला वाहून घेतलं’ म्हटल्यावर कुणाला यल्लम्मा आठवत नाही.

रंकाळा
आणि शरण?

गवती चहा
पेपरातल्या शरणागतीला आधी बाहेर काढा. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात सही झाली आणि सुमारे ९३ हजार पाकिस्तानी शरण आले, ते हरले म्हणून. ‘आत्मसमर्पण’ तर बातम्यांनी नक्षलवाद्यांना देऊन टाकलंय. पण वारकऱ्यांचं ‘शरण’ हरल्याचं नाही, आसऱ्याला गेल्याचं आहे. बघा, हरलेला शरण ‘येतो’, भक्त शरण ‘जातो’. ख्रिस्ती माणसानेही ‘प्रभूला शरण जा’ म्हणावं. ‘शरणागती पत्करा’ म्हटलं की बंदूक खाली ठेवल्यासारखं वाटतं.

सांगावा
‘शरण ये’ अशी हाकही देवाकडून असतेच की. येणं-जाणं बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं, भक्तीवर नाही.

गवती चहा
मान्य, पण बातमीत ‘शरण आले’च छापतात. सवयीलाही वजन असतं.

रंकाळा
लूक १४:३३चं काय करू? सर्वस्व सोडल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असं येशू म्हणतो. ‘सर्वस्वावर पाणी सोडा’ म्हणू का? ठसकेबाज आहे.

जुनी वही
ठसका आहे, पण सूर बुडीत खात्याचा आहे. मुळात दान देताना हातावरून उदक सोडायचे, म्हणजे घेणारा समोर असायचा. आज ‘भिशीच्या पैशांवर पाणी सोडलं’ म्हणजे ते गेलेच. ‘तुळशीपत्र ठेवलं’चंही तसंच. त्यापेक्षा मार्क १२ मधल्या विधवेकडे जा. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी किरकोळ नाणी, टाकली तिने, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं. ‘होतं नव्हतं ते’ याहून नेमकं मराठी मला तरी सुचत नाही.

उलट बाजूला प्रेषितांची कृत्ये ५. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोने जमीन विकली, थोडे पैसे बाजूला काढले आणि उरलेले सगळे म्हणून आणले. याला आपल्याकडे ‘हातचं राखून देणं’ म्हणतात. तिथलं प्रेषित पेत्राचं बोलणं नीट वाचा. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, असं तो म्हणतो. कमी दिलं ही तक्रार नाही, सगळं दिलंय असं भासवलं ही आहे. तरुणांपुढे हा भाग घाईत उरकू नका.

सांगावा
मग सरळ ‘स्वतःला देऊन टाका’ म्हणा ना. समर्पणबिमर्पण हवं कशाला?

जुनी वही
‘टाका’ने काम एका दिवसात संपतं. लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितलाय, आणि हे वचन तीन शुभवर्तमानांत असलं तरी त्यात ‘दररोज’ हा शब्द लूककडेच आहे. वचन वाचताना ‘समर्पण’ ठेवा, समजावताना ‘हातचं न राखता’ म्हणा.

रंकाळा
ठीक. ‘शरणागती’ आणि ‘बलिदान’ खोडले. ‘त्याग’ एकदाच, तोही तंबाखूच्या वाक्यात. उत्तरेश्वरभाऊंचा मुद्दा त्यांचं नाव न घेता सांगितला तर चालेल?

उत्तरेश्वर पेठ
नाव घ्या की, पेठेचं हाय.