मत्तयचा अपवाद धरायचा की मार्कचा नकार?

सासष्टीकर
समान नागरी कायद्याच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं की ख्रिस्ती धर्मात घटस्फोट नाहीच, बायबलात स्पष्ट लिहिलंय. स्पष्ट? येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तयच्या शुभवर्तमानात (19:9) येशू बायको टाकून दुसरी करणाऱ्याला व्यभिचारी ठरवतो खरा, पण व्यभिचाराच्या कारणाचा अपवाद ठेवून. तोच अपवाद 5:32 मध्येही आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (7:15) प्रेषित पौल म्हणतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला तर मागे राहिलेला बांधलेला नाही. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात प्रॉटेस्टंटांनी हीच दोन कारणं घेतली: व्यभिचार आणि जाणूनबुजून केलेला त्याग. माझ्या मते कॅथलिक चर्च मूळ ग्रंथापेक्षा जास्त कडक आहे.

दक्षिणायन
सोयीचं तेवढं वाचलंत. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत (मार्क 10:11-12, लूक 16:18) अपवादाचा मागमूस नाही. करिंथकरांचं 7:15 दाखवता, मग चार ओळी वरचं 7:11 का गाळलं? बायको वेगळी झालीच तर तिने तसंच राहावं किंवा नवऱ्याशी समेट करावा, असं तिथे आहे. रोमकरांस 7:2-3 मध्ये बंधन सुटतं ते फक्त मरणाने.

आणि मत्तय 19 चा प्रसंग बघा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे ज्यू, विचारतात, कोणत्याही कारणावरून बायको टाकता येते का? जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायावरून तेव्हा दोन ज्यू पंथांत जुंपली होती. शम्मायचा पंथ फक्त लाजिरवाणं वर्तन मोजायचा, हिल्लेलच्या पंथाला रांधलेलं बिघडलं तरी पुरे होतं. येशू दोघांनाही बाजूला ठेवून थेट उत्पत्ती 2:24 वर जातो. त्यावर शिष्य म्हणतात, असं असेल तर लग्न न केलेलंच बरं. येशू नुसता शम्मायच्या बाजूने बोलला असता तर ते एवढे दचकले असते का?

सासष्टीकर
दचकले हे मान्य. पण अपवाद मत्तयने दोनदा लिहिलाय, तो खोडता येत नाही.

आल्तिनो_उतार
दोघेही घटस्फोटावर भांडताय. चर्चचं न्यायाधिकरण वेगळाच प्रश्न विचारतं: लग्न मुळात झालं होतं का? कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेचा कॅनन (कलम) 1141 सांगतो की दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं वैध आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न मरणाशिवाय कोणी मोडू शकत नाही. पण संमतीच खोटी असेल तर मोडायला काही उरतच नाही. कारणं ठरलेली आहेत: लग्नाच्या जबाबदाऱ्या समजण्याची किंवा पेलण्याची मानसिक कुवत नसणं (1095), सहजीवन उद्ध्वस्त करू शकेल अशी गोष्ट फसवून लपवणं (1098), जबरदस्ती किंवा धाक (1103).

लग्न अवैध ठरवून घेण्याचे अर्ज फसतात ते इथे. अर्जदार पानंच्या पानं लग्नानंतरच्या भांडणांची भरतो, आणि न्यायाधिकरणाला हवा असतो होकार दिला त्या दिवसाचा आणि त्याआधीचा पुरावा. नवऱ्याचं दारूचं व्यसन लग्नाआधीपासून होतं हे सांगणारा जुना मित्र पाच चुलत्यांपेक्षा उपयोगाचा. सोबत बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला लागतो, साक्षीदारांची नावं लागतात. दुसऱ्या पक्षाला समन्स जातंच. तो आला नाही म्हणून खटला अडत नाही. बंधनाचा रक्षक नावाचा अधिकारी लग्नाच्या बाजूने लढतो. पूर्वी दोन न्यायाधिकरणांचे एकमताचे निकाल असावे लागत, पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती अट काढली.

बार्देस_बाजार
म्हणजे मागच्या दाराने घटस्फोटच. मग मुलं अनौरस?

आल्तिनो_उतार
नाहीत. निदान एकाने तरी प्रामाणिकपणे लग्न समजून केलं असेल तर मुलं औरसच (1137). आणि मागचं दार असतं तर अर्ज फेटाळले गेले नसते.

फोंडेकरीण
मारहाण होत असेल तर बाईने 7:11 म्हणत घरातच बसायचं का?

दक्षिणायन
मुळीच नाही. जिवाला किंवा मुलांना धोका असेल तर कॅनन 1153 वेगळं राहण्याचा हक्क देतो, आणि थांबणं धोक्याचं असेल तर परवानगीआधीच घर सोडता येतं. शिवाय नुसता सरकारी घटस्फोट घेतला म्हणून कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) बंद होत नाही. अडतं ते पुढे दुसरा संसार थाटल्यावर. उलटा गैरसमज फिर्गजेत (चर्चच्या हद्दीतल्या लोकांत) इतका पक्का बसलाय की बाया उगाच मागच्या बाकावर बसून राहतात.

मांडवीकाठ
कायद्याची बाजू राहिली. गोव्यात घटस्फोट 1910 च्या पोर्तुगीज कायद्याने आला. 1946 च्या डिक्री 35461 ने चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांना त्यातून वगळलं, आणि तो भेदभाव पुढे कोर्टांत वादाचा विषय झाला. इथे सरकारी निबंधकापुढे लग्नाची पहिली सही म्हणजे निव्वळ इरादा. ती करून लोक लग्न झालं समजतात, आणि एकजण पळाला की दुसऱ्याच्या हातात काही नसतं. तसंच चर्चचा निकाल मिळाला म्हणून निबंधकाच्या वहीतली नोंद आपोआप पुसली जात नाही. दोन दप्तरं, दोन खेटे.

फोंडेकरीण
एक शंका. मुलगा हिंदू, घटस्फोटित. मुलगी कॅथलिक. बिशपची परवानगी काढली की चर्चमध्ये लग्न लागेल ना?

आल्तिनो_उतार
नाही, आणि नेमका इथेच घोळ होतो. परवानगी मिळते ती धर्म वेगळा असल्याबद्दल (1086). त्याचं पहिलं लग्न हिंदू पद्धतीने झालेलं असलं तरी चर्च ते वैधच धरतं, म्हणून जुन्या बंधनाचा अडथळा (1085) वेगळा उभा राहतो आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याने हटत नाही. ते लग्न मुळात अवैध होतं हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध करायचं, नाहीतर विश्वासाच्या हितासाठी ते विसर्जित करण्याची विनंती रोमला पाठवायची. त्यामुळे हॉल बुक करण्याआधी विगाराला (चर्चच्या धर्मगुरूला) गाठा.

सासष्टीकर
म्हणजे रोम तेही लग्न मोडू शकतं! मग 'मरणानेच सुटतं' कुठे गेलं, दक्षिणायन?

दक्षिणायन
ते दोघेही बाप्तिस्मा झालेले असतील तेव्हा. वरचा 1141 परत वाचा.