राक्षसाचं मुंडकं कोरायचं की घडवायचं?

प्रश्न (रावपुरा, वडोदरा): माझा भाचा सध्या पॉलिमर क्लेचं एक भयंकर डोकं करतोय; शिंगं, सुळे, कपाळावर आठ्या, सगळं. मंडळाच्या हस्तलिखितासाठी मी त्याची कृती मराठीत लिहितेय. 'मॉन्स्टर हेड'ला 'राक्षसाचं मुंडकं' आणि 'स्कल्प्टिंग'ला 'कोरीव काम' चालेल का? तो स्वतः 'माटीकाम' म्हणतो, शाळेतल्या गुजरातीतून उचललेलं.

उत्तर (दांडिया बाजार): ताई, 'कोरीव काम' नको. कोरताना द्रव्य कमी होत जातं. इथे आधी ॲल्युमिनियम फॉईलचा गच्च गोळा करायचा, त्यावर क्लेचा थर चढवायचा, डोळ्यांच्या खोबणी दाबायच्या, भुवईला वळी लावून तिचा जोड लिंपायचा. हे सगळं घडवणं. शाडूचा गणपती आपण घडवतो, कोरत नाही. लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये फेलिची या इटालियन शिल्पकाराचं काम संगमरवरातही आहे आणि टेराकोटातही. पहिलं कोरलेलं, दुसरं घडवलेलं. 'कोरणे' शेवटी येऊ द्या, सुरकुत्या आणि खवले काढताना. तिथे तोच शब्द नेमका आहे.

'मुंडकं' म्हणजे धडावेगळं केलेलं. कापलेलं दाखवायचं नसेल तर साधं 'डोकं' लिहा.

प्रतिसाद (मांजलपूर): 'मुखवटा' का नको? किती छान शब्द आहे.

उत्तर (दांडिया बाजार): शब्द छानच. आणि मुखवटा चेहऱ्यावर चढवायचाच असतो असंही नाही. आपल्या गौरींचे मुखवटे उभे करतो, घालत नाही. पण त्यात चेहरा मुख्य. भाच्याच्या कामाला मागची कवटी, मान, कान असतील तर डोकंच. नुसता दर्शनी चेहरा करून भिंतीवर लावणार असेल तर मुखवटा म्हणा.

'राक्षस'बद्दल मात्र माझा आग्रह आहे. राक्षसाला कुळ असतं, नाव असतं. रावण पुलस्त्याचा नातू, दैत्य दितीचे, दानव दनूचे. भाच्याने मनानेच रचलेल्या प्राण्याला हे कुळ कशाला चिकटवायचं? 'विक्राळ डोकं' लिहा. धडाशिवाय नुसतं उग्र तोंड हवं असेल तर आपल्याकडे कीर्तिमुख आहेच. शिवाने राहूला खाण्यासाठी उत्पन्न केलेल्या त्या भुकेल्या प्राण्याने शेवटी स्वतःचंच अंग खाल्लं, तोंड तेवढं उरलं, अशी कथा आहे. देवळांच्या दारांवर ते दिसतं. भाच्याला ते दाखवाच; बटबटीत डोळे आणि खालचा जबडा नसलेलं तोंड कसं बसवलंय हे त्याच्या कामाला फार उपयोगी पडेल.

प्रश्न (रावपुरा): मग 'माटीकाम'ही चुकीचं का?

उत्तर (दांडिया बाजार): घरात खुशाल म्हणू दे. कृतीत मात्र 'माती' लिहू नका, कारण वाचणारा पाणी घालेल. पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. पीव्हीसीची बारीक पूड आणि ती मऊ ठेवणारं द्रव्य असतं. ती पाण्याने मऊ होत नाही, उघड्यावर ठेवून शाडूसारखी वाळतही नाही. हाताच्या उबेने मळावी लागते.

प्रतिसाद (अलकापुरी): आणि 'भाजणे'? मी तर 'भट्टीत भाजणे' असंच लिहिलं असतं.

उत्तर (दांडिया बाजार): 'भाजणे' ठेवा, 'भट्टी' काढा. कुंभाराची भट्टी कित्येक शे अंशांवर जाते. ही क्ले साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला पक्की होते, घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये. पाकिटावर असेल तेच तापमान आणि तेवढाच वेळ कृतीत लिहा. जास्त तापली तर करपते आणि तिचा धूर नाकाडोळ्यांना झोंबतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायला सांगा. मायक्रोवेव्ह नको, हेही स्पष्ट लिहा. पुष्कळ घरांत दोन्हींना 'ओव्हन'च म्हणतात.