बॉस्टनमधील कार्यालयांचे मूल्य घसरले, मग त्याचा भार घरांवर का? (चर्चा)

चार्ल्सकाठ (मूळ प्रस्ताव)

आम्ही डॉर्चेस्टरमध्ये राहतो. बॉस्टनच्या जुन्या वस्त्यांमधील रांगेने उभी असलेली तीन मजली लाकडी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे आमचे घर लगेच येईल. तळमजल्यावर आम्ही राहतो आणि वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मालमत्ता कराचे तिसऱ्या तिमाहीचे बिल आले (शहराचे आर्थिक वर्ष जुलै ते जून असते) आणि शेजारी एकट्या राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई ते हातात घेऊन आमच्याकडे आल्या. घरात काही नवे बांधले नाही, खोली वाढवली नाही, मग आकडा एवढा कसा वाढला, हे त्यांना कळत नव्हते. त्यांना समजावून सांगायला मला तासभर लागला. तेच येथे मांडते आहे आणि त्यावरचे माझे मतही.

मालमत्तांच्या किमती उतरल्या की शहराचे उत्पन्न घटते, असे आपण सहसा धरून चालतो. बॉस्टनमध्ये ते तसे थेट घडत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी १९८० मध्ये संमत केलेल्या ‘प्रपोझिशन अडीच’ या कायद्याने, शहराने मालमत्ता करातून एकूण किती रक्कम उभी करावी यावर मर्यादा घातली आहे. मागील वर्षाच्या मर्यादेवर अडीच टक्के वाढ आणि नव्या बांधकामांमुळे पडणारी भर, एवढेच शहराला घेता येते. रक्कम आधी ठरते आणि दर नंतर निघतो. गृहनिर्माण सोसायटीत वर्षाचा खर्च आधी ठरवून तो सभासदांमध्ये वाटतात, तसेच हे आहे. एकाचा वाटा कमी झाला की तो उरलेल्यांना उचलावा लागतो.

वाटणीचा नियम असा आहे की, शहरातील एकूण मालमत्ता मूल्यात व्यापारी मालमत्तांचा जेवढा हिस्सा असेल, त्याच्या फार तर १७५ टक्के हिस्सा कराच्या रकमेत त्यांच्यावर टाकता येतो. समजा, व्यापारी मालमत्तांचे मूल्य एकूण मूल्याच्या ३३ टक्के आहे. मग कराच्या दर १०० डॉलरपैकी ५७.७५ डॉलर त्या देतील आणि ४२.२५ डॉलर घरे देतील. आता कार्यालयांच्या किमती घसरून तो हिस्सा ३० टक्क्यांवर आला, तर व्यापारी मालमत्ता ५२.५० डॉलर देतील आणि घरांवर ४७.५० डॉलर येतील. म्हणजे शहराने एक डॉलरही जास्त गोळा केला नाही, तरी घरांचे बिल १२ टक्क्यांहून अधिक वाढले.

करोनाच्या साथीनंतर लोक घरून काम करू लागले, शहराच्या मध्यभागातील कार्यालयांचे मजले रिकामे राहिले आणि ही वाटणी प्रत्यक्षात सरकू लागली. २०२४ च्या आर्थिक वर्षात घरांचा दर हजार डॉलर मूल्यामागे १०.९० डॉलर होता, तो २०२५ मध्ये ११.५८ डॉलर झाला. सरासरी एककुटुंबी घराचे वार्षिक बिल १० टक्क्यांहून अधिक वाढले. पहिल्या दोन तिमाहींची बिले मागील वर्षाच्या अंदाजाने येतात, त्यामुळे वर्षाची सगळी वाढ शेवटच्या दोन बिलांवर पडते. शेजारच्या बाईंना बसलेला धक्का तो हाच.

महापौर मिशेल वू यांनी २०२४ मध्ये १७५ ची मर्यादा काही वर्षांपुरती वाढवण्यासाठी राज्याकडे परवानगी मागितली. प्रारंभीचा प्रस्ताव २०० टक्क्यांचा होता. ऑक्टोबरमध्ये उद्योग-व्यापार संघटनांशी पहिल्या वर्षासाठी १८१.५ टक्क्यांवर तडजोड झाली, परंतु डिसेंबरमध्ये राज्याच्या सेनेटमध्ये ती अडली. महापौरांनी प्रस्ताव २०२५ मध्ये पुन्हा मांडला आणि माझ्या मते तो मान्य व्हायला हवा. वरच्या उदाहरणातच १८१.५ घालून पाहा: घरांची वाढ १२ टक्क्यांऐवजी ८ टक्क्यांच्या आत राहते. कार्यालयांच्या बाजाराने केलेल्या गुंतवणुकीचा तोटा, ज्यांनी ती गुंतवणूक कधी केलीच नाही, त्यांच्या स्वयंपाकघरातून वसूल करणे मला न्याय्य वाटत नाही.

हिशेबनीस

ताई, वाटणीचे गणित आपण अचूक मांडले आहे. माझा विरोध निष्कर्षाला आहे. आपण वाटणीकडे पाहत आहात आणि जी रक्कम वाटायची आहे तिच्याकडे पाहणे राहून गेले आहे. बॉस्टनचा अर्थसंकल्प २०२४ मध्ये सुमारे ४२८ कोटी डॉलरचा होता, तो २०२५ मध्ये सुमारे ४६४ कोटींवर गेला. ही वाढ ८ टक्क्यांची आहे. ज्या वर्षी आपल्या सर्वांत मोठ्या करदात्या वर्गाच्या मालमत्तांचे मूल्य खाली येत आहे हे दिसत होते, त्याच वर्षी खर्च एवढा वाढवणे हा निर्णय होता, आपत्ती नव्हती. अडीच टक्क्यांची वाढ घेतलीच पाहिजे, असे कायदा सांगत नाही. ती कमाल मर्यादा आहे, आणि शहर दरवर्षी तिच्यापर्यंत जाते.

दुसरी गोष्ट, व्यापारी मालमत्तांचा दर २०२५ च्या आर्थिक वर्षातच हजारी २५.९६ डॉलर होता, म्हणजे घरांच्या दुपटीहून अधिक. रिकाम्या इमारतीवर कर वाढला की तिचे निव्वळ उत्पन्न आणखी घटते. उत्पन्न घटले की खरेदीदार कमी किंमत देतो आणि पुढील वर्षी करनिर्धारकाला तीच कमी किंमत मूल्यांकनात घ्यावी लागते. ज्या झाडाची पाने गळत आहेत त्याचीच आणखी पाने तोडून सावली वाढत नाही.

तडजोड का मोडली, हेही सांगायला हवे. डिसेंबरमध्ये मूल्यांकनाचे प्रमाणित आकडे आले तेव्हा व्यापारी मूल्यांची घसरण आधीच्या अंदाजापेक्षा कमी निघाली आणि संघटनांनी पाठिंबा काढून घेतला. ज्या भाकितावर कायदा मागितला, ते त्या वर्षी तरी खरे ठरले नाही.

नाक्यावरचे दुकान

माझे रॉझलिंडेलमध्ये चष्म्याचे दुकान आहे आणि जागा भाड्याची आहे. भाडेकरारात मालमत्ता कराची वाढ भाडेकरूने भरायची, असे कलम आहे. या शहरातील बहुतेक लहान दुकानदारांच्या करारात ते असते. त्यामुळे ‘व्यापारी मालमत्ता’ हा शब्द वाचताना काचेच्या उंच मनोऱ्यांबरोबर माझे सहाशे चौरस फूटही डोळ्यांपुढे आणावे, ही विनंती. मनोऱ्याचे मूल्य घसरले, तर मालक मूल्यांकनाविरुद्ध अपील करतो आणि त्याच्याकडे त्यासाठी वकील असतो. माझ्या वस्तीतील दुकानांच्या जागांच्या किमती घसरलेल्याच नाहीत. मर्यादा १७५ वरून वर नेली की दर सर्वच व्यापारी मालमत्तांचा वाढेल. मनोऱ्याला तो कमी झालेल्या मूल्यावर लागेल आणि मला न घसरलेल्या मूल्यावर. घरमालकांवर अन्याय होतो आहे हे मला मान्य आहे, पण त्याचे निवारण माझ्या गल्ल्यातून व्हावे, हे मान्य नाही.

तिसऱ्या मजल्याचा भाडेकरू

या चर्चेत भाडेकरूंविषयी कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. जे स्वतःच्या घरात राहतात त्यांना बॉस्टन निवासी सूट देते. २०२५ च्या आर्थिक वर्षात ती जवळजवळ ४००० डॉलर होती. ही सूट शहराच्या तिजोरीतून येत नाही. ती निवासी वर्गातच वाटली जाते, म्हणजे ज्या इमारतीत मालक राहत नाही, तिच्यावर तेवढा अधिक भार पडतो, आणि ती इमारत शेवटी भाड्यातून तो वसूल करते. तेव्हा घरांचा भार कमी करा म्हणताना कोणत्या घरांचा, हे विचारले पाहिजे.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे या शहरातील सुमारे अर्धी जमीन करमुक्त आहे. त्यात राज्य सरकारच्या मालमत्ता आहेत, तशीच विद्यापीठे आणि रुग्णालयेही आहेत. दीड कोटी डॉलरहून अधिक मूल्याची मालमत्ता असलेल्या खासगी संस्थांकडून, कर लागला असता तर जेवढा झाला असता त्याच्या २५ टक्के रक्कम शहर मागते. त्यातील अर्धी लोकोपयोगी कामांच्या रूपाने वळती करता येते आणि उरलेली देणेही ऐच्छिक आहे. शेजारच्या वृद्ध बाईंचे बिल ऐच्छिक नाही. कार्यालये आणि घरे यांच्यातील रस्सीखेच आपण तासन्‌तास पाहतो आणि मैदानाबाहेर बसलेल्यांकडे कोणी बघत नाही.

ठाण्याहून

मी भारतातून लिहितो आहे. अनेक वर्षे एका महापालिकेच्या लेखा विभागात काढली, म्हणून या विषयात रस आहे. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जमीन-घरांच्या) दरांच्या आधारे आकारला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या काळातही मुंबईचे रेडी रेकनर दर जेमतेम ०.६ टक्क्यांनी उतरले होते. बाजारातील घसरण आमच्याकडे कागदावर फारशी उतरतच नाही, त्यामुळे आपल्यासारखा वाद आमच्याकडे उभा राहत नाही. आमचे प्रश्न वेगळे आहेत: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना दिलेली करमाफी आणि २०१७ मध्ये जकात गेल्यावर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवरचे अवलंबन.

पण मूल्य कागदावर न उतरवणे किती महाग पडते हे पाहायचे, तर डेट्रॉइट पाहा. तेथे घरांच्या किमती कोसळल्यानंतरही करनिर्धारणातील मूल्ये वर्षानुवर्षे जुन्या उंचीवर राहिली. २०१० ते २०१६ या काळात घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलरची जादा आकारणी झाली, असे पुढे वृत्तपत्रीय पाहणीत निघाले. कर थकला, घरे जप्तीत गेली, वस्त्या ओस पडल्या आणि जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. दिवाळखोरीची कारणे अनेक होती, १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्या आत आली होती. तरीही खोट्या मूल्यावरचा कर लोकांना घराबाहेर काढतो, हे तेथे स्पष्ट दिसले. त्या मानाने बॉस्टन कार्यालयांचे मूल्य खरे लावते आहे, हे हिशेबाच्या दृष्टीने निरोगी लक्षण आहे.

माझा चार्ल्सकाठ यांच्याशी मतभेद एवढाच आहे की, १७५ की १८१.५ हा दुय्यम प्रश्न आहे. ज्या शहराच्या उत्पन्नाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग एकाच करातून येतो, ते शहर प्रत्येक वेळी याच कोंडीत सापडेल.

चार्ल्सकाठ

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

दुकानदार दादांचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. मर्यादा वाढवायची असेल, तर लहान व्यापारी जागांना वेगळी सूट त्याच कायद्यात असली पाहिजे आणि ती मागे ठेवून केलेल्या तडजोडीला मी पाठिंबा देणार नाही. करमुक्त संस्थांविषयीही माझे तेच मत आहे. फक्त त्यांच्याकडून सक्तीने घेण्यासाठी राज्याचा कायदा बदलावा लागेल, आणि त्याला किती वर्षे लागतील कोण जाणे. बिल मात्र दर तिमाहीला येते.

हिशेबनीस, खर्चाविषयी आपण म्हणता त्यात तथ्य आहे, परंतु त्या वाढीत काय आहे तेही पाहावे. सुमारे दीडशे कोटी डॉलर शाळांवर जातात. त्यानंतर पोलीस, अग्निशमन, निवृत्तिवेतन आणि कर्जफेड येते. यातील बराच भाग करारांनी बांधलेला असतो. शिवाय शहराने एकूण करात अडीच टक्क्यांची वाढ घेतलीच नाही असे धरले, तरी माझ्या पहिल्या उदाहरणातील घरांची १२ टक्के वाढ तशीच उरते, कारण ती खर्चामुळे आलेलीच नाही. काटकसर करावी, पण ती या दुखण्यावरचे औषध नाही.

प्रमाणित आकड्यांविषयी म्हणाल, तर मूल्यांकन १ जानेवारीच्या किमतींवर असते. २०२५ च्या आर्थिक वर्षाच्या बिलातील मूल्य १ जानेवारी २०२४ चे आहे. कार्यालयांचे भाडेकरार अनेक वर्षांचे असतात आणि ते संपतील तसतशी किंमत उतरते. त्या एका वर्षीची घसरण अपेक्षेहून कमी निघाली, याचा अर्थ ती थांबली असा नव्हे. टफ्ट्स विद्यापीठातील एका केंद्राने बॉस्टन पॉलिसी इन्स्टिट्यूटबरोबर फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, पाच वर्षांत मिळून १२० ते १५० कोटी डॉलरच्या महसुलाला धोका असल्याचे म्हटले होते. सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया स्ट्रीटवरील, २०१९ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरची मानली गेलेली एक इमारत २०२३ मध्ये त्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शाला विकली गेली. तेथे २०२५ मध्ये शहरापुढे दोन वर्षांत मिळून सुमारे ८० कोटी डॉलरची तूट उभी राहिली होती.

ठाण्याच्या काकांचे म्हणणे मला सर्वांत जास्त पटले. बॉस्टनला स्वतःचा आयकर किंवा सर्वसाधारण विक्रीकर लावण्याचा अधिकार राज्याने दिलेला नाही. हॉटेलांवरचा, उपाहारगृहांतील जेवणावरचा असे काही छोटे कर तेवढे हाती आहेत. रिकाम्या कार्यालयांची घरे करणाऱ्यांना शहर २९ वर्षांपर्यंत करात ७५ टक्क्यांपर्यंत सवलत देते आहे. हा उपाय चांगला आहे, पण त्याचे फळ मिळेपर्यंत दोन-तीन महापौर होऊन जातील.

हिशेबनीस

आपण वाढीचे दोन भाग वेगळे केलेत, ते मान्य. पण मग तात्पुरत्या अडचणीसाठी राखीव निधी का वापरू नये? शहराची पतश्रेणी अनेक वर्षे सर्वोच्च आहे, गंगाजळी भक्कम आहे. तिच्यातून दोन वर्षे घरमालकांना थेट परतावा दिला, तर कोणाचाच दर वाढवावा लागणार नाही. शिवाय ६५ वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या घरमालकांना कर पुढे ढकलण्याची सोय कायद्यात आधीपासून आहे. शेजारच्या बाईंनी १ एप्रिलपूर्वी अर्ज करावा.

चार्ल्सकाठ

राखीव निधीतून परतावा दिला, तर तो दोन वर्षांत खर्च होईल आणि वाटणी तिसऱ्या वर्षीही सरकलेलीच असेल. तेव्हा आपण याच जागी पुन्हा उभे राहू, मात्र हातात निधी नसेल.

कर पुढे ढकलण्याचा अर्ज मी बाईंना आणून दिला होता आणि शेजारी बसून वाचूनही दाखवला. थकलेली रक्कम व्याजासह घर विकताना किंवा त्यांच्या पश्चात वसूल होईल आणि तोवर घरावर बोजा नोंदवला जाईल, एवढे ऐकून त्यांनी तो घडी करून परत दिला. नवऱ्याने तीस वर्षे हप्ते भरून ते घर कर्जमुक्त केले होते. तिसऱ्या तिमाहीचे बिल त्यांनी बचतीतून भरले. चौथ्या तिमाहीचे मे महिन्यात भरायचे आहे.