मदत हवी आहे: ओरॅकल आणि पोस्टग्रेस दोन्हींवरच्या कामासाठी कोणता एडिटर घ्यावा?

नमस्कार.

आमचा छोटा चमू पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. व्याजाची आकारणी, थकबाकीचे वर्गीकरण, डे-एंडची सगळी प्रक्रिया हे काम वर्षानुवर्षे ओरॅकलमधल्या पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची स्वतःची भाषा) पॅकेजांत, म्हणजे एकत्र बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यांत, लिहिले गेले आहे. नव्या ग्राहकांसाठी तेच आता आम्ही पोस्टग्रेसवर आणत आहोत, त्यामुळे पुढची काही वर्षे तरी दोन्ही डेटाबेस शेजारी शेजारी सांभाळावे लागणार. आज प्रत्येक जण आपापल्या सवयीचे साधन वापरतो. यापुढे सर्वांनी एकच एडिटर वापरावा असे ठरले असून निवड माझ्याकडे सोपवली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक तुलना क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवण्याच्या सोयीवर थांबतात. क्वेरी चालवून निकाल जाळीत दाखवणे हे कोणतेही साधन करते. आमचा निम्म्याहून अधिक कोड प्रोसिजर आणि फंक्शन यांच्या रूपात डेटाबेसमध्येच राहतो, आणि तो कोड लिहिणे, शोधणे, तपासणे, त्याची आवृत्ती सांभाळणे हे आमचे खरे काम आहे. अनेक साधनांत डावीकडच्या यादीतून प्रोसिजर उघडायची, बदलायची आणि तिथेच कंपाइल करायची अशी पद्धत असते. ती सोपी आहे, पण कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या गिटला त्या बदलाचा पत्ताच लागत नाही, आणि काही महिन्यांनी डेटाबेसमधली प्रत खरी की गिटमधली, हा वाद सुरू होतो. त्यामुळे मला फाइलपासून सुरुवात करणारा एडिटर हवा आहे: फाइल उघडावी, तीच डेटाबेसवर चालवावी, आणि दोन्हींत फरक असेल तर तो शेजारी शेजारी दिसावा.

दुसरी गरज अवलंबित्वाची आहे, आणि पोस्टग्रेसवर आल्यापासून ती फार तीव्रतेने जाणवते. ओरॅकलमध्ये एखाद्या टेबलातला रकाना काढला की त्यावर अवलंबून असलेली पॅकेजे अवैध ठरतात, आणि काय मोडले ते लगेच कळते. पोस्टग्रेसमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल (तिथली तशीच भाषा) फंक्शनचा मजकूर केवळ अक्षरमाला म्हणून साठवला जातो. फंक्शन तयार करताना वाक्यरचना तपासली जाते, पण आतल्या क्वेरीत उल्लेखलेला रकाना अस्तित्वात आहे की नाही हे ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत कळत नाही. व्याजाची आकारणी तिमाहीतून एकदा चालत असेल तर ती चूक तीन महिने दडून राहू शकते. पीएलपीजीएसक्यूएल_चेक हे एक्स्टेन्शन सर्व्हरवर बसवून हे तपासता येते आणि आम्ही ते बसवणारच आहोत. परंतु लिहिता लिहिताच चुकीच्या नावाखाली लाल रेघ उमटली आणि एखादा रकाना कोठे कोठे वापरला आहे ते एका कळीसरशी दिसले, तर कामाची पद्धतच बदलेल. पोस्टग्रेसमध्ये फंक्शनचा मजकूर डॉलरच्या दुहेरी चिन्हांमध्ये ($$ … $$) लिहितात; तो कोड आहे हे एडिटरला समजले पाहिजे. काही साधने तो नुसता मजकूर समजून रंगवतात आणि पहिल्याच अर्धविरामापाशी विधान तोडतात.

आतापर्यंत पाहिलेल्या पर्यायांबद्दल थोडक्यात. डेटाग्रिप स्कीमा (टेबले आणि रकान्यांची रचना) वाचून संदर्भ ओळखतो आणि नाव बदलले की वापराच्या जागाही बदलू शकतो. आमच्या गरजेच्या सर्वांत जवळ तोच वाटतो, पण व्यावसायिक कामासाठी तो सशुल्क आहे. डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती मोफत आणि मुक्तस्रोत असून दोन्ही डेटाबेसशी जोडली जाते. त्यात उत्पादन (प्रत्यक्ष वापरातल्या) सर्व्हरच्या जोडणीला वेगळा रंग देता येतो, आणि माझ्या मते ही सोय दिसते त्यापेक्षा फार मोलाची आहे. ओरॅकलचा एसक्यूएल डेव्हलपर पॅकेजांच्या डीबगिंगसाठी उत्तम, पण तो मुख्यतः ओरॅकलसाठीच आहे. पीजीॲडमिन पोस्टग्रेसपुरता आहे. व्हीएस कोडमध्ये गिटचा आधार भक्कम आहे आणि दोन्ही डेटाबेससाठी एक्स्टेन्शने मिळतात, मात्र ती वेगवेगळ्या कंपन्यांची असल्याने जोडणी, शॉर्टकट आणि निकालाची खिडकी यांत एकसारखेपणा राहत नाही.

साधन किती काळ टिकेल, हाही प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये अझूर डेटा स्टुडिओ हे आपले डेटाबेसचे साधन बंद करण्याचे जाहीर केले, २८ फेब्रुवारी २०२६ ही आधाराची अखेरची तारीख ठरवली आणि वापरकर्त्यांना व्हीएस कोडकडे जायला सांगितले. एका साधनात सगळा चमू रुळल्यावर पुन्हा ही उलथापालथ नको आहे.

आता मराठी डेटाबद्दल. सभासदांची नावे आणि गावे आम्ही देवनागरीत साठवतो. ‘ज्ञानेश्वर’ या नावात आपल्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हे साठवण्याच्या पद्धतीत) तीस बाइट. ओरॅकलमध्ये लांबी बाइटमध्ये मोजण्याचा मूळ पर्याय तसाच ठेवला असेल, तर ३० लांबीचा रकाना या एका नावाने भरतो, आणि पोस्टग्रेसमध्ये त्याच लांबीच्या रकान्यात आणखी वीस चिन्हे मावतात. याहून अवघड प्रकरण ‘कऱ्हाड’चे. त्यातला ‘ऱ्ह’ कोणी स्वतंत्र ‘ऱ’ वापरून टंकतो, तर कोणी साध्या ‘र’नंतर हलन्त आणि अदृश्य जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण क्वेरीतल्या अटीत एक सापडते आणि दुसरे सुटते. व्हीएस कोड अदृश्य चिन्हांभोवती चौकट दाखवू शकतो. तशी सोय निकालाच्या जाळीतही देणारे साधन मला अजून सापडलेले नाही. शिवाय समान रुंदीच्या फॉन्टमध्ये देवनागरी आली की कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर भलतीकडे उमटते, हा त्रास वेगळाच.

बंधने अशी आहेत: आमच्या बऱ्याच संगणकांत ८ जीबी रॅम आहे, निम्मे जण विंडोजवर तर बाकीचे उबुंटूवर काम करतात, आणि ग्राहकांचा डेटा किंवा स्कीमा कोणत्याही बाहेरच्या एआय सेवेकडे जाता कामा नये. म्हणून कोडसूचना देणारा सहायक पूर्णपणे बंद करता आला पाहिजे, आणि तो बंदच राहील याची खात्री सगळ्यांसाठी एकाच ठिकाणाहून करता आली पाहिजे.

जाणकारांना माझे प्रश्न हे. ज्यांचा बराच कोड प्रोसिजरमध्ये आहे त्यांनी फाइल आणि डेटाबेस यांतला मेळ कोणत्या एडिटरने राखला? त्यासाठी फ्लायवे किंवा लिक्विबेस (डेटाबेसमधले बदल क्रमाने लागू करणारी साधने) जोडीला घ्यावेच लागते का? डेटाग्रिप किंवा डीबीव्हर हजारभर टेबलांच्या स्कीमावर ८ जीबीच्या संगणकात सुरळीत चालतो का? दोन साधने ठेवावीत, म्हणजे लिहिण्यासाठी व्हीएस कोड आणि डेटाबेस पाहण्यासाठी डीबीव्हर, असा विचारही मनात आहे. तसे कोणी करत असेल तर लाल रेघेची आणि संदर्भशोधाची गरज त्यात कितपत भागते? देवनागरीसाठी कर्सर न हलवणारा समान रुंदीचा फॉन्ट कोणी वापरत असल्यास त्याचे नावही कळवावे.

उत्तरात साधनाची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि स्कीमाचा साधारण आकार दिलात, तर आमच्याकडे तीच मांडणी करून पाहणे मला सोपे जाईल.