‘सेट’चं मराठी कसं करायचं? मशीन, सिमेंट, द्राक्षबाग आणि कोर्टाची कागदपत्रं

कागदोपत्री, सातपूर

नमस्कार मंडळी. सातपूर-अंबडच्या कामगार प्रशिक्षणवर्गांसाठी आणि निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी इंग्रजी माहितीपत्रकं मराठीत करायचं काम हातात आहे. अडकायला होतं ते ‘सेट’पाशी. सध्याच्या गठ्ठ्यातली ही वाक्यं पाहा:

सेट द टूल ऑफसेट बिफोर रनिंग द जॉब.
प्लेस द कॉंक्रीट बिफोर इनिशिअल सेट.
रिपीट द स्प्रे आफ्टर बेरी सेट.
प्लांट द सेट्स इन ऑगस्ट.
द ऑर्डर वॉज सेट असाइड.

कोशातले ‘संच’, ‘ठेवणे’, ‘निश्चित करणे’ हे शब्द इथे चालत नाहीत. अर्थ ओळखायची काही रीत आहे का? आणि कुठे ‘सेट’ तसाच ठेवायचा?

मोडीलेखक

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ क्रियापदाचे चारशेहून जास्त अर्थ दिले आहेत, त्यामुळे पाठांतराच्या वाटेला जाऊ नका. वाक्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला, हे नाम आहे की क्रियापद? इंग्रजीत इथे दोन वेगळी मुळं एकाच रूपात येऊन मिळाली आहेत. वस्तूंचा ‘सेट’ म्हणजे संच, तो जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनच्या ‘सेक्टा’वरून आला, म्हणजे एकामागून जाणाऱ्यांचा गट. क्रियापद मात्र अस्सल इंग्रजी, ‘सिट’चं प्रयोजक रूप. म्हणजे ‘सिट’ आणि ‘सेट’ ही आपल्या बसणे-बसवणेसारखीच जोडी, आणि म्हणूनच ‘बसवणे’ कितीतरी ठिकाणी हुबेहूब लागू पडतं: अंगठीत खडा बसवणे, निखळलेलं हाड बसवणे, नाटक बसवणे. संच हवा असेल तर नववीच्या गणितातले रिक्त संच, उपसंच, विश्वसंच तयारच आहेत.

दुसरा प्रश्न, कर्म आहे का? कुणी काहीतरी ‘सेट’ करत असेल तर मराठीत बहुधा लावणे, बसवणे, ठरवणे किंवा मांडणे येतं. गजर लावतात, आग लावतात, गाण्याला चाल लावतात, भाव ठरवतात, पानं मांडतात, पेपर काढतात, पायंडा पाडतात. कर्म नसेल तर ती वस्तू आपोआप बदलते आहे, आणि तिथे प्रत्येक पदार्थाचं स्वतःचं क्रियापद असतं. सूर्य मावळतो, दही लागतं, तूप थिजतं, मोडलेलं हाड जुळतं. ही क्रियापदं एकमेकांच्या जागी टाकता येत नाहीत, भाषांतर इथेच सर्वात जास्त फसतं.

तिसरा प्रश्न, पुढे कोणतं अव्यय चिकटलंय? ‘सेट अप’ उभारणे, ‘सेट आउट’ निघणे, ‘सेट इन’ म्हणजे मुक्काम ठोकणे (पाऊस, थंडी, कूज). ‘सेटबॅक’ बातमीत आला तर धक्का किंवा पीछेहाट, पण बांधकाम परवानगीच्या कागदात आला तर सामासिक अंतर.

एक व्याकरणाचा सापळा. या क्रियापदाची तिन्ही रूपं सारखीच. ‘द ऑपरेटर सेट द स्पीड’ यात एकवचनी कर्ता असून शेवटी ‘स’ नाही, म्हणजे हा भूतकाळ: ऑपरेटरने स्पीड लावला. ‘सेट्स’ असतं तर ‘लावतो’. चाचणी अहवालात हा फरक चुकला तर झालेलं काम करायच्या कामांत जाऊन पडतं.

टूलरूमवाला, अंबड

मशीनच्या पानांवर ‘सेटिंग’, ‘सेटर’ आणि ‘जॉब सेट करणे’ हे शब्द तसेच ठेवा. शॉपफ्लोअरवर दुसरं कुणी काही म्हणतच नाही. ‘मांडणी’ लिहिलंत तर ऑपरेटर ट्रॉली आवरायला घेईल.

तुमच्या पहिल्या वाक्याचं मी असं करीन: ‘जॉब चालू करण्याआधी टूल ऑफसेट घेऊन टाका.’ हे ‘घेऊन टाका’ म्हणजे काय ते माहीत असलं की पुढची वाक्यंही सुटतात. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या, म्हणजे टूल फिरवणाऱ्या दांड्याच्या, संगणकी मशीनवर) आधी वाइसच्या (जॉब पकडणाऱ्या शिकंज्याच्या) न हलणाऱ्या फिक्स जॉवर डायल गेज फिरवून तो एक्स अक्षाला समांतर करतात, काटा ०.०२ मिमीच्या आत राहिला पाहिजे. मग एज फाइंडरने जॉबची कड पकडतात. फाइंडरचं टोक १० मिमी व्यासाचं असेल तर ५ मिमीचा हिशोब धरून जी५४मध्ये, म्हणजे जॉबचा शून्य बिंदू नोंदवायच्या मशीनमधल्या जागेत, शून्य टाकतात. याला ‘वर्क झिरो घेणे’ म्हणतात. त्यानंतर प्रत्येक टूल जॉबवर ठेवलेल्या ५० मिमी उंचीच्या हाइट सेटरवर टेकवून लांबीचा ऑफसेट घेतात. ते ५० वजा करायचे राहिले तर टूल जॉबच्या ५० मिमी वर हवेत फिरतं, नुकसान फक्त वेळेचं. दोनदा वजा झाले तर टूल थेट जॉबमध्ये घुसतं आणि स्पिंडलला मार बसतो. म्हणून त्या पानावर ‘ऑफसेट टाकणे’ आणि ‘ऑफसेट वजा करणे’ ही दोन क्रियापदं काटेकोर वेगळी ठेवा.

बाकीचे भराभर सांगतो. ‘सेट स्क्रू’ म्हणजे आपला ग्रब स्क्रू, पुली शाफ्टवर घट्ट धरणारा. ‘सेट पॉइंट’ म्हणजे कंट्रोलरला ठरवून दिलेला आकडा, फर्नेसवर ‘ठरवलेलं तापमान’ लिहा. हॅंड टॅपचा ‘सेट’ तिनाचा असतो: टेपर, सेकंड, बॉटमिंग. ‘करवतीचा सेट’ म्हणजे दात एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वाकवलेले असणे. त्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही.

‘पर्मनंट सेट’ला मात्र जपा. स्प्रिंग दाबून सोडल्यावर मूळ लांबीला परत येत नाही, जो कायमचा फरक राहतो तो हा. हा दोष आहे. ‘कायमस्वरूपी सेट केले’ असं लिहिलंत तर तपासणीवाला नाकारायचा माल पास करून बसेल. ‘स्प्रिंग कायमची दबली’ एवढं साधं लिहा.

स्लॅबवाले

सिमेंटच्या पानावर मिस्त्री लोक ‘माल धरला’, ‘माल आवळला’ म्हणतात आणि ‘सेट झाला’ही म्हणतात. तिन्ही चालतील. सांभाळायचं ते ‘सेटिंग’ आणि ‘हार्डनिंग’मधलं अंतर. सेट होणं म्हणजे माल ओला-लवचीक राहत नाही, एवढंच. ताकद त्यानंतर येते, आणि ती तपासायची २८ दिवसांनी.

आकडे असे. आयएस २६९ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलॅंड सिमेंटचा इनिशिअल सेट ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि फायनल सेट ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. हे विकॅट उपकरणावर पाहतात. १ चौरस मिमीची सुई सिमेंटच्या लगद्यात सोडायची. ती तळापासून साधारण ५ मिमीवर अडली की इनिशिअल. फायनलला सुईभोवती ५ मिमी व्यासाचं कडं असतं. सुईचा ठसा उमटतो पण कड्याचा उमटत नाही, तो फायनल. ही चाचणी २७ अंशांच्या आसपास करतात. नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात साइटवर माल त्याहून लवकर आवळतो आणि डिसेंबरच्या थंडीत रेंगाळतो, म्हणून भाषांतरात ‘प्रयोगशाळेतील वेळ’ हे शब्द गाळू नका.

तुमचं वाक्य: ‘माल धरायला लागायच्या आत कॉंक्रीट ओतून दाबून घ्या.’ धरू लागलेल्या मालात पाणी मारून पुन्हा कालवायचा मोह सगळीकडे असतो, पण त्याने ताकद जाते. मूळ पानात तशी सूचना असेल तर ती ठळक अक्षरांत घ्या.

आता खरी धोक्याची जागा. कामगारांच्या तोंडी ‘सेंट्रिंग’ म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा सांगाडा. ‘सेटिंग’ आणि ‘सेंट्रिंग’ ऐकायला इतके जवळ आहेत की ‘फायनल सेटिंगनंतर’ हे घाईत ‘सेंट्रिंग’ वाचलं जाऊ शकतं. फायनल सेट १० तासांच्या आतच होतो. टेकू काढायची मुदत मात्र आयएस ४५६मध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस अशी आहे. म्हणून या पानावर ‘सेटिंग’ अजिबात नको, ‘माल धरणे’च लिहा.

बागायतदार, पिंपळगाव बसवंत

द्राक्षाच्या पानावर ‘मणी सेटिंग’ हाच शब्द. ‘फळधारणा’ शुद्ध आहे, कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात शोभतो, पण फवारणीच्या वेळापत्रकात बागायतदार ‘सेटिंग’च शोधतो.

बेरी सेट म्हणजे नक्की कोणती वेळ ते पानातच सांगून टाका. फळछाटणीनंतर साधारण ४० ते ५० दिवसांत ही अवस्था येते, पण दिवसांवर जाऊ नका, थंडी वाढली की सगळं पुढे सरकतं. घड हातात घेऊन पाहायचं. द्राक्षाच्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, त्यांची मिळून एक टोपी असते आणि ती खालून सुटून पडते. टोप्या पडल्या, पुंकेसर तपकिरी होऊन वाळले आणि मधला हिरवा मणी फुगायला लागला की सेटिंग झालं. न धरलेले मणी याच वेळी घड हलकेच झटकला की खाली पडतात. मग बाजरीएवढा, ज्वारीएवढा असा आकार मोजत जायचा. जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) डीप, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, ३-४ मिमी आणि ६-७ मिमी आकाराला देतात, त्या व्हर्नियरने मोजूनच.

थॉम्पसन बिनबियांची असली तरी तिला परागीभवन लागतं. बी धरतं आणि लहानपणीच वाढायचं थांबतं. म्हणून फुलोऱ्यात ढगाळ हवा, पाऊस किंवा घड ओले राहिले की सेटिंग बिघडतं, गळकुज होते (मणी गळतात, कुजतात), डाऊनी (केवडा रोग) असेल तर घडच जातो. ‘पुअर सेट’चं ‘विरळ सेटिंग’ करा. ‘घड जिरणे’ (कोवळा घड विरून त्याची बाळी होणे) करू नका, ती फुटी फुटतानाची, कितीतरी आधीची गोष्ट आहे.

‘आफ्टर बेरी सेट’चं ‘मणी तयार झाल्यावर’ असं भाषांतर कधीही होऊ देऊ नका. ‘तयार’ वाचलं की माणूस पाणी उतरण्याच्या (मणी मऊ पडून गोड होऊ लागण्याच्या) अवस्थेपर्यंत किंवा काढणीपर्यंत थांबेल. तिथे केलेल्या फवारणीचा अंश मण्यात राहतो आणि निर्यातीचा कंटेनर अडकतो.

चौथं वाक्य कांद्याचं दिसतंय. ‘सेट्स’ म्हणजे लावणीसाठी मुद्दाम लहान ठेवलेली कांदी. जानेवारी-फेब्रुवारीत बी दाट टाकायचं, एप्रिल-मेमध्ये कांदी काढून हवेशीर ठेवायची आणि ऑगस्टमध्ये लावायची. पोळ (खरीप) कांदा लवकर बाजारात आणायला ही पद्धत आहे. दीड ते दोन सेंटीमीटरची कांदी निवडायची, फार मोठी लावली तर डेंगळे (फुलांचे दांडे) आणि जोडकांदे वाढतात. ‘ऑगस्टमध्ये कांद्याचे संच लावा’ असं लिहिलंत तर कुणालाच काही कळणार नाही.

उसाच्या पानावर हाच उच्चार येईल, पण स्पेलिंगमध्ये टी दोनदा. तो ‘सेट’ म्हणजे बेण्याची टिपरी. ‘टू-बडेड सेट’ म्हणजे दोन डोळ्यांची टिपरी.

कागदोपत्री, सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सेंट्रिंगचा घोळ तर लक्षातच आला नव्हता. कोर्टाचं वाक्य राहिलं. ‘ऑर्डर सेट असाइड’चं ‘आदेश बाजूला ठेवला’ चालेल का? आणि छपाईच्या एका पानावर ‘अव्हॉइड सेट-ऑफ’ असं आहे. हिशोबाच्या पानावरही ‘सेट-ऑफ’च आहे, तिथे वजावट बसते, इथे बसत नाही.

मोडीलेखक

‘बाजूला ठेवला’ नको. वाचणाऱ्याला वाटेल की आदेश अजून कायम आहे, फक्त नंतर बघू म्हणालेत. ‘रद्द केला’ किंवा ‘रद्दबातल ठरवला’ लिहा. तात्पुरता थांबवला असेल तर इंग्रजीत ‘स्टे’ येतो, त्याला स्थगिती. पुढे ‘अँड रिमांडेड’ असेल तर ‘रद्द करून फेरनिर्णयासाठी खालच्या कोर्टाकडे परत पाठवला’. ‘बाजूला ठेवणे’ फक्त पैसे किंवा वस्तू असतील तेव्हाच.

हिशोबाच्या पानावर ‘सेट ऑफ अँड कॅरी फॉरवर्ड’ची जोडी दिसली तर ‘तोट्याची वजावट आणि उरलेला तोटा पुढच्या वर्षी ओढणे’.

शाईघर, नाशिकरोड

छपाईतला ‘सेट-ऑफ’ म्हणजे वरच्या कागदाच्या पाठीला खालच्या कागदाची ओली शाई लागणे. ‘पाठीला शाई लागू देऊ नका’ असं सरळ लिहा. त्याच पानावर शाई ‘सेट’ होणं आणि ‘ड्राय’ होणं असं वेगवेगळं आलं असेल. ऑफसेटच्या शाईतलं पातळ तेल आधी कागदात शोषलं जातं आणि शाई घट्ट होते, हे सेट होणं. मग हवेतल्या ऑक्सिजनने ती काही तासांत पक्की वाळते, ते ड्राय. पहिल्यासाठी ‘शाई बसली’, दुसऱ्यासाठी ‘शाई वाळली’ वापरा. शाई नुसती बसलेली असताना उंच थप्पी लावली की वजनाने पाठीला डाग उठतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर जास्त, कारण तो तेल कमी शोषतो. उपाय मूळ पानात बहुधा असेच असतील: शाईचा थर कमी ठेवणे, डिलिव्हरीला स्प्रे पावडर सोडणे, थप्पी बुटकी लावणे आणि पाठीमागची बाजू छापायच्या आधी बोटाने घासून पाहणे.