बोलणे गेले, आरती कशी राहिली?

प्रश्न: पक्षाघातानंतर वडिलांना साधे ‘पाणी’ म्हणता येत नाही, मात्र आईने सुरुवात करून दिली की आरती ते अस्खलित म्हणतात, हे कसे?

उत्तर १: पॅरिसमध्ये १८६१ साली फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी अभ्यासलेला रुग्ण जवळजवळ फक्त ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकत असे, आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या अग्रखंडात (कपाळामागच्या भागात) इजा आढळली. अशी इजा झाली की स्वतःहून बोलणे अडते, कारण नवे वाक्य जुळवताना प्रत्येक शब्द शोधावा लागतो. वर्षानुवर्षे घोटलेली आरती किंवा पाढे मात्र सलग साखळीसारखे बाहेर पडतात.

उत्तर २: म्हणूनच आरती आली म्हणजे वाचा परतली असे समजू नये (आजीच्या आजारपणात आमची हीच फसगत झाली होती). वाचा-उपचारतज्ज्ञ लय आणि हाताचा ठेका यांच्या आधारे ‘पाणी द्या’सारखी वाक्ये म्हणवून घेतात, त्यांना लवकर भेटावे.