लेकरानं फक्त मला सांगितलंय, यू-डायसमध्ये काय भरू?

वर्गशिक्षिका_आठवी
जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीचा वर्ग माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत एक लेकरू टेबलापाशी घुटमळत राहिलं. शेवटी हळूच म्हणालं, "बाई, हजेरीला माझं नुसतं आडनाव घ्याल का?" रजिस्टरला ती मुलगी आहे. मग हळूहळू सगळं बोललं. घरी कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अख्ख्या वर्गाची हजेरी आडनावानं घेते. तीन पवार आहेत, त्यांना पुढे नंबर लावते.

आता यू-डायसची, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची, माहिती भरायची आहे. लिंगाच्या रकान्यात ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "खरं असेल ते भरा आणि वडिलांना बोलवा." मागे केस बारीक कापले म्हणून वडिलांनी आठ दिवस शाळेत पाठवलं नव्हतं. त्यातून आमच्याकडे दुरुस्त्या कळवायला यादीचा फोटो पालकांच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. नाव, आधार, लिंग, सगळं. मला झोप लागत नाही. कायदा काय म्हणतो?

वकील_कोल्हापूर
बाई, रकान्यात जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, आहे तेच भरा. मुलानं विश्वासानं सांगितलेलं म्हणजे कागद नव्हे. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात ओळख प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो, आणि अठराच्या आतल्या मुलासाठी तो आई-वडिलांनी किंवा पालकांनी करायचा असतो. शाळेनं परस्पर खूण करून हे ठरत नाही.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्याच 2014 च्या, ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांवरच्या नालसा निकालात लिंगओळख माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडली गेली होती. हे दोन्ही मुख्याध्यापकांना दाखवा. 2019 च्या कायद्याचं कलम 13 शाळेला भेदभाव न करता शिक्षण द्यायला सांगतं. घराबाहेर काढण्याची भीती असेल, तर कलम 12 वाचा: ट्रान्सजेंडर आहे एवढ्या कारणावरून मुलाला कुटुंबापासून वेगळं करता येत नाही, न्यायालयाचा आदेश लागतो.

एक गोष्ट मात्र वेगळी. मुलानं लैंगिक अत्याचाराचं सांगितलं, तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 नुसार कळवावंच लागतं, तिथे गुप्तता चालत नाही. इथे गुन्हाच नाही, म्हणून ते कलम लागू होत नाही.

निवृत्त_हेडमास्तर
यादीचा फोटो ग्रुपवर टाकणं आजच बंद करा. मी स्वतः वर्षानुवर्षं हजेरीपटाचे फोटो फिरवलेत आणि आज त्याची लाज वाटते. पालकाला समोर बसवून त्याच्याच मुलाची ओळ दाखवा, सही घ्या. तुमच्या लेकराचंच नाही, चाळीस घरांचं आधार त्यात असतं. आणि बाई, मुख्याध्यापकांना सांगण्याआधी लेकराला विचारलं होतंत का?

पारलिंगी_सोलापूर
मी आता तिशीत आहे. शाळेत सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत पाणी पीत नव्हतो, स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून. दहावीला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. कारण घरात कुणाला सांगता आलं नाही. त्या लेकराची पाण्याची बाटली दुपारी किती भरलेली असते, बघा. आणि वडिलांना काय, कधी, कुणी सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. तुम्ही शेजारी बसा.

वर्गशिक्षिका_आठवी
हेडमास्तर, नव्हतं विचारलं. आज लेकराची माफी मागितली. ते गप्प राहिलं, मग म्हणालं, "सरांना सांगा, अजून कुणाला सांगू नका." सरांशी बोलले, वकिलांचं उत्तर छापून हातात दिलं. वडिलांना बोलावणं तूर्त थांबलंय. रजिस्टरप्रमाणेच भरणार. ग्रुपवरचा जुना फोटो काढला, पण किती जणांच्या फोनमध्ये उतरलाय कोण जाणे.

बाटली बघितली. गळ्यापर्यंत भरलेली होती. कार्यालयामागच्या शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली उद्यापासून माझ्या ड्रॉवरमध्ये असेल.